हुसेनमियाँच्या गाडीची सोडवणूक

दफ्तरी दाखल हकीकत ऐसी जे, सौदी मुलखी हुफूफ शहरी खजुराचे सौदागर अजम हुसेनमियाँ दापोलीकर यांजवर गाडीपायी जो प्रसंग गुदरला, तो आम्ही पदरचे मीठमसाला न घालिता, अथवा थोडाच घालोन, लिहितो.

मियाँनी आपली पांढरी गाडी कर्जकंपनीपाशी गहाण ठेवून दुकानास भांडवल उभे केले, आणि मग तीच गाडी हुफूफीच राहणारे गाववाले यासीनमियाँ यांस, हप्ते तुम्हीच भरावे, ऐशा निव्वळ जबानीवर दिली. गाववाल्यापाशी कागद मागावा तर कोकणात तोंड कोठे दाखवावे? यासीनमियाँनी गाडी मन लावून फिरविली आणि पाच हप्ते बुडविले.

तों कन्या मेहेक इचा निकाह दापोलीस जुम्म्याचे रोजी मुक्रर जाहला, आणि मियाँ कूच करणार तों मोबाइलावर सरकारी फर्मान आले की, थकबाकी फिटेतो मुलूख सोडू नये. चार रोज उरले. मग मियाँ कंपनीवर चालोन गेले, आणि अंमलदाराने कहवा पाजिला, खजूर मियाँच्याच दुकानचा पुढे ठेविला, आणि हुकूम सुनाविला की हप्ते भरा, खलास.

यासीनमियाँवर तलवार उपसावी तर तेथेच पेच. हे नवऱ्यामुलाचे सख्खे मामू. शब्द वावगा जाता सोयरीक मोडे. सबब मियाँ त्यांचे दारी जाऊन अत्यंत अदबीने खोकले.

"भाईजान, इन्शाल्ला जुम्म्याला देतो," यासीनमियाँ बोलिले.

मियाँ घरी येऊन, दार लावून, लेकीचे नाव घेऊन रडले. हे लिहिण्यास आम्हांस लाज नाही.

ही खबर दापोलीस बेगम नबीला यांस पोहोचली. बाईंनी यासीनमियाँस अक्षर लिहिले नाही. थेट विहीणबाईंस, म्हणजे यासीनमियाँच्या थोरल्या बहिणीस, खलिता धाडिला की, बाप मांडवी आल्याखेरीज लेक कबूल म्हणणार नाही, आणि बाप का येत नाही ते आपले भावास पुसावे. मग बहिणीने भावास फोनवर जे सुनाविले ते दफ्तरी लिहिण्याजोगे नाही. दोन घटकांत पाचही हप्ते भरिले गेले, आणि दुसरे रोजी फर्मान उठले.

यासीनमियाँनी स्वतः, त्याच गाडीतून, मियाँस विमानतळी पोहोचविले. मियाँनी किल्लीसाठी हात पुढे केला, आणि मग तोच हात मुसाफ्यास, म्हणजे हस्तांदोलनास, मिळविला. सोयऱ्यापाशी किल्ली कशी मागावी?

जुम्म्याचे सकाळी मियाँ दापोलीस दाखल जाहले. बेगमनी उंबऱ्यातच पुसिले, "गाडी कोनाकडं हाय?"

मियाँ बोलिले, "आधी माजी लेक दाव."

येणेप्रमाणे बाप मांडवी उभा राहिला आणि मोहीम फत्ते जाहली. गाडीचा मजकूर बेगमसाहेबांचे हुकुमावरून खोडिला असे. मोर्तब.