विकासच्या गाडीची खांदशेकणी

गाडी चमकवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या वाशीममध्ये कुणी नाही, असं मी साधनाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, इंझोरीच्या वाटेवरच सांगून टाकलं होतं. गाडी माझी नव्हती, हा भाग वेगळा. माझ्याकडे मोटरसायकल आहे. चारचाकी होती साल्याची, विकासची. पांढरी शुभ्र, नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा त्यानं काढलेलं नव्हतं. पोळ्याला गावी जायचं, दिवस पावसाचे, अन् साधना म्हणे की चिखलातून मी दुचाकीवर येणार नाही. म्हणून मागून आणली.

किल्ली माझ्या हातात ठेवली तरी विकासनं ती सोडली नव्हती.

"भाऊजी, नेली तशी वापस पायजे. पोळ्याच्या दिवशी तुमच्याकडे जेवाले येतो, अन् मीच घेऊन जातो. रंगाले काई झालं, तं मंग आपली बोलचाल बंद."

"अबे, नेली त्याच्याहून चांगली देतो," मी म्हटलं.

हे वाक्य मी का बोललो, देव जाणे.

इंझोरीच्या काळ्या मातीनं गाडीला दारापर्यंत लिंपून काढलं. मी घाबरलो नाही. मोबाईलवर बघून ठेवलं होतं, शाम्पू अन् वॅक्सचा डबा सोबतच आणला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी लिंबाच्या सावलीत लावली, लेंगा खोचला अन् बादल्यावर बादल्या ओतल्या. बाबा ओट्यावर बसून बघत होते.

आमच्या बाबांचं, जगदेवरावांचं, हे बैलांशिवाय पहिलंच वर्ष. गुडघे साथ देईनात म्हणून उन्हाळ्यात जोडी विकली. त्यांना ती विकायची नव्हती, आम्हीच मागे लागलो. तेव्हापासून माणूस गोठ्याकडे पाठ करून बसतो.

"घासून राह्यला, ते ठीक हाय," बाबा म्हणाले. "पण पोटाखालून कोन धुईन?"

मी पोटाखालून धुतली. मग वॅक्स घेतलं अन् फडक्यानं गोल गोल चोळायला लागलो.

"हे काय लावून राह्यला?"

"वॅक्स हाय बाबा. रंग टिकते यानं. आता वाळू द्यायचं, मंग पुसायचं."

बाबा उठून जवळ आले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपानं चोळायचे, त्याला आमच्याकडे खांदशेकणी म्हणतात. वर्षभर जू ओढून दुखावलेले खांदे ते. अन् इथे मी तिन्हीसांजेला, ऐन खांदशेकणीच्या वेळी, एका धुतलेल्या जनावराला प्रेमानं चोळत होतो. माझ्या ध्यानात काहीच आलं नाही. तेवढ्यात साधनानं पुरणासाठी गूळ आणायला पिटाळलं. दुकानावर दोस्त भेटले, गप्पा झाल्या.

परत आलो तर गाडीचे दोन्ही खांदे, म्हणजे पुढच्या चाकांवरचा पत्रा, पिवळेधम्मक. बाबा वाटी घेऊन उभे, शेजारी आमची माय प्रयागबाई. बाबा बॉनेटवर हात ठेवून बैलांना द्यायचं आमंत्रण देत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

विकासची गाडी! पण बाबांचे डोळे बघितले. किती महिन्यांनी हसत होता माणूस. मी बाकीच्या गाडीचं वॅक्स पुसलं, खांदे तसेच सोडले. म्हटलं सकाळी लवकर उठू, बाबा उठायच्या आत गुपचूप पुसून घेऊ.

पण बैल सजवायचा असला की आमचे बाबा कोंबड्याच्याही आधी उठतात. मी अंगणात आलो तेव्हा गाडीच्या टपावर झूल होती, बॉनेटवर घुंगरमाळ, बाजूच्या दोन्ही आरशांना बेगड. अन् पांढऱ्या अंगावर पेल्याच्या तोंडानं उठवलेले गेरूचे लाल लाल गोल, थेट डिकीपर्यंत.

"माय, हा गेरू पाण्यानं जाईल ना?"

"कायले जाईन?" माय मोठ्या कौतुकानं म्हणाली. "पाण्यातला गेरू तुह्या त्या वॅक्सवर ठरेच ना, नुसता घसरून राह्यला होता. मंग म्या त्या डब्ब्यातच कालवला. आता पावसानं बी जात नाई."

डबा पालथा पडला होता. त्यावर छापलेलं होतं, 'रंगाला सहा महिने संरक्षण.'

मी बाजेवर बसलो. साधना पदर तोंडाला लावून हसत होती. "हसून काय राह्यली? तुहाच भाऊ हाय," मी म्हटलं. "मनूनच हसून राह्यली," ती म्हणाली.

"पवन, चाल," बाबांनी हाक दिली. "तोरनात न्या लागते."

नाही म्हणायची हिंमत कोणाच्यात होती? वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण, खाली बैलजोड्या उभ्या. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी नेऊन हरिसिंगच्या बैलांशेजारी लावली. बाबा बाजूला, हातात नवा कासरा, त्याचं एक टोक आरशाला बांधलेलं.

"जगदेवभाऊ, मारकुंडा त नाई ना?" हरिसिंगनं विचारलं.

"गरीब हाय. फकत डिझेल जास्त खाते," बाबा म्हणाले.

सगळं तोरण हसलं. अन् त्याच हशात मला समोर विकास दिसला. जेवायला आला होता, लवकर आला होता. त्याची नजर खांद्यांवरून गोलांवर, गोलांवरून झुलीवर फिरली. मी खाली उतरून किल्ली पुढे केली.

"विकास, मी पुसून देतो. रॉकेलनं, कशानंही..."

त्यानं एका गोलावर बोट घासलं. गोल जागचा हलला नाही.

"ये विकास," बाबा म्हणाले. "बैल गुनाचा हाय तुहा. एवढ्या ढोलात बी बुजला नाई."

विकासनं झूल हातानं चाचपली. मग म्हणाला, "भाऊजी, आमच्या घरचे बैल गेले तवापासून माही माय पोळ्याले तोरनाकडे आली नाई. थांबा, फोटो काढू द्या."

त्यानं बाबांना गाडीसोबत उभं करून फोटो काढले. मग घरी आला, अकरा पुरणपोळ्या खाल्ल्या अन् गाडी तशीच, झुलीसकट, मायला दाखवायला घेऊन गेला. जाताना मला एवढंच म्हणाला, "नेली त्याच्याहून चांगली देली तुमी."

गेरूचे गोल अजून आहेत. वाशीमच्या बाजारात लांबूनच ती गाडी ओळखू येते. वॅक्स खरंच चांगलं होतं.

अडचण एवढीच आहे की बाबांचा आता आठवड्याला फोन येतो. "पवन, एका बैलाचा पोळा बरा दिसत नाई. जोडी लागते. दुसरा कवा आनतं?"

परवा मी धीर करून म्हटलं, "बाबा, माही मोटरसायकल आनू का?"

बाबा समजुतीनं म्हणाले, "आन ना. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असते, तवा लेकराइच्या लाकडी बैलाइसंगं उभी करू."