निर्व्यसनी चेहऱ्याची लाली

चंद्रहास सेक्रेटरी झाले आणि माणिकपूरच्या त्या सोसायटीत गच्चीवरच्या पापडांपासून जिन्यातल्या चपलांपर्यंत सगळ्यांना शिस्त लागली. गृहस्थ निर्व्यसनी. सुपारीचं खांड तोंडात टाकणार नाहीत, आणि हे दिवसातून एकदा कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही.

अशात तळमजल्यावरच्या जोसेफ आणि त्याची बायको तेरेसा यांनी मुलीच्या, मेलिसाच्या लग्नाच्या मेजवानीला गच्ची मागितली. लग्न म्हटलं की वाइन आलीच. इमारत उभी होती ती जोसेफच्याच बापजाद्यांच्या केळीच्या वाडीवर, पण चंद्रहासांना त्याचं काय! त्यांनी ठरावच तयार केला: दारू पिणाऱ्याला गच्ची नाही आणि कमिटीत पदही नाही.

सभेला ते जेवूनखाऊन, आमांशाची गोळी घेऊन गेले. कुणाच्या तरी बारशाला बासुंदीवर आडवा हात मारल्यापासून पोट बिघडलं होतं. "दारू म्हणजे संसाराची राखरांगोळी," असं म्हणता म्हणता त्यांचे कान तापले. मग गाल, मग मान, शेवटी टक्कलसुद्धा शिजलेल्या खेकड्यासारखं लाल झालं. पहिल्या रांगेतल्या संपदाबाईंनी नाकाला पदर लावला. ठराव पुढच्या रविवारवर गेला आणि सेक्रेटरी लावून आले होते ही बातमी रिक्षा स्टँडवर.

आता पद जाणार, आणि तेही आपल्याच ठरावाने! चंद्रहासांची झोप उडाली. बायको विनया म्हणाली की ही उष्णता आहे, जेवणानंतरचं द्राक्षासव दुप्पट घ्या, रक्त शुद्ध होईल. यांनी तिप्पट घेतलं. चेहरा आणखी पेटला, वर छातीत धडधड.

शेवटी दोघं डॉक्टर विनिताकडे गेली. तिचा पहिलाच प्रश्न, "घेता का?" चंद्रहास खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांनी तिला आपल्या घराण्याच्या पावित्र्यावर व्याख्यान दिलं. ते संपल्यावर रक्तदाब झाला, थायरॉइड झालं, लघवी तपासून झाली, तिखट आणि उन्हाची चौकशी झाली. सगळं ठणठणीत. तेव्हा ती म्हणाली, तोंडात जे जे जातं ते पिशवीत घालून आणा.

पिशवीतून गोळ्यांचं पाकीट निघालं आणि मागोमाग द्राक्षासवाची बाटली. डॉक्टरने बाटली फिरवून बघितली.

"काका, हे द्राक्षं आंबवून करतात. यात अल्कोहोल असतं, बाटलीवर छापलंय बघा. एरवी तुम्हाला पचत होतं. या गोळ्या चालू असताना दारू पचत नाही, म्हणून चेहरा पेटतो. दोन चमचेच घेत होता ना?"

"वाटीभर घेतात," विनया म्हणाली. "लग्न झाल्यापासून. चव आवडते त्यांना."

म्हणजे झाली का चंद्रहासांची पंचाईत! खरं सांगावं तर रोजचे पिणारे ठरणार, न सांगावं तर बेवडे ठरलेलेच आहेत. आयुष्यभर ज्यांना नाकं मुरडली, त्यांच्यातही कुणी वाटीने पीत नव्हतं.

रविवारच्या सभेत त्यांनी ठराव स्वतःच मागे घेतला. लोकांच्या आनंदाच्या आड सोसायटीने येऊ नये, असं गंभीर चेहऱ्याने सांगितलं. काही जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पद वाचलं. आपण किती उदार आहोत हे घरी येईपर्यंत त्यांचं त्यांनाच पटलं होतं.

महिन्याभराने गच्चीवर मेलिसाच्या लग्नाची मेजवानी दणक्यात झाली. वाइनचे पेले फिरायला लागले तसे चंद्रहास ताठ बसले आणि हात आडवा करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपल्याला चालत नाही."

"ठाऊक हाय आमाला," जोसेफ नम्रपणे म्हणाला. "विनयावहिनी बोलल्या आमच्या तेरेसाला. म्हनून तुमच्यासाठी वेगळं आनलंय."

त्याने टेबलावर द्राक्षासवाची कोरी बाटली ठेवली. शेजारी एक वाटी.

संपदाबाईंसकट अख्खी गच्ची बघत होती. चंद्रहासांचे कान तापले, मग गाल, मग टक्कल. आमांशाच्या गोळ्या तर कधीच संपल्या होत्या.