उपदेशकाच्या दारचं चंदन

"मामा, आपल्या झाडाची पाच पानं या पाकिटात घाला आणि वर नाव लिहा. मी डोंगरावरची घेऊन येते," असं सांगून लोसाना गेली आणि उपदेशक सैरूसीच्या जिवाला घोर लागला.

लोसाना त्याची भाची. कंदावू बेटावरचं यासी, म्हणजे तिथलं रानचंदन, बाहेरून आणलेल्या चंदनात मिसळून संपत चाललं होतं. तीन वर्षं खपून तिने अस्सल यासीच्या जनुकांतल्या खुणा हुडकल्या होत्या. अस्सल ठरलेल्या झाडाचं बी रानात जाणार. मिश्र ठरलेलं झाड तोडलं जाणार.

सैरूसीचं झाड आजोबांनी लावलेलं. त्याच्याच सावलीत तो रविवारी चर्चमध्ये गाऊन सांगायच्या प्रवचनाच्या चाली बसवी. पण आज त्याची पानं अंमळ रुंदच दिसू लागली. शेजारच्या इलाईसालाही असंच पाकीट मिळालं होतं; त्याच्या झाडाची पानं कशी निमुळती, देखणी! दुपारी गाव पहुडलेलं पाहून उपदेशकाने देवाची क्षमा मागितली आणि कुंपणावरून हात लांबवला.

महिन्याभराने लोसाना निकाल आणि करवत, दोन्ही घेऊन आली.

"इलाईसाकाका, तुमचं अस्सल. मामा... तुमचं मिश्र निघालं."

सैरूसीने खोडावरून हात फिरवला. इलाईसाचाही चेहरा का कोण जाणे पडला. करवत खोडाला टेकली, तसा सैरूसी ओरडला, "थांब पोरी! ती पानं माझी नव्हेत. याच्या झाडाची तोडली मी!"

"मामा, तुम्ही? आणि प्रवचनं सांगता!"

"सांगतो म्हणून तर आता कबूल केलं गं."

लोसाना इलाईसाकडे वळली. "म्हणजे मिश्र झाड तुमचं. मग तुमच्या पाकिटातली अस्सल पानं कुठली?"

इलाईसा अंगठ्याने माती उकरू लागला. "उपदेशकाच्या दारचं झाड, ते शुद्धच असणार, असं वाटलं. पहाटे तोडली."

"अरे लबाडा! म्हणून त्या दिवशी नारळाच्या दुधातले कंद आणून दिलेस होय!"

"आणि तू एवढा मोठा मासा का धाडलास, ते मला आत्ता कळतंय!"

लोसानाने या खेपेला स्वतःच्या हाताने पानं तोडली. सैरूसीचं झाड अस्सल आणि इलाईसाचं मिश्रच निघालं. इलाईसाचं झाड पडलं, तेव्हा करवतीचं दुसरं टोक सैरूसीनेच धरलं होतं आणि डोळे दोघांचेही ओले होते.

त्या लाकडाचं सैरूसीने बायबल ठेवायला आसन केलं. आता प्रवचन गात गात खोटेपणाच्या पापावर आलं, की नेमका त्या आसनाला घमघमाट सुटतो. उपदेशक घाईघाईने पुढचं कडवं धरतो आणि पहिल्या बाकावरून इलाईसा सर्वांत मोठ्याने "आमेन" म्हणतो.