डाव्या पायाचं काम

हनुमंत ओव्हाळ संतापला होता तो गाडीवर नव्हे, ‘आराम’ या शब्दावर.

लोणावळ्याला कुसगावच्या रस्त्यावर दिवेकर साहेबांचा बंगला होता. साहेबांचा ठाण्याला रंगांचा कारखाना होता आणि शनिवार-रविवार ते इथे येऊन राहत. हनुमंत त्यांचा ड्रायव्हर. त्याची बायको भामाबाई बंगल्यावर स्वयंपाकाला होती. दोघं मागच्या खोलीत राहायची. एकोणसत्तर सालच्या डिसेंबरात साहेबांनी जुनी गाडी विकली आणि मायदेशी परत निघालेल्या एका अमेरिकन कुटुंबाच्या दोन गाड्या बघायला आणल्या. जुळ्या बहिणीच त्या. लांबलचक नाक, दोनच दारं, स्टिअरिंग डावीकडे आणि पोटात आठ सिलिंडरचं इंजिन. चालू केलं की बंगल्याच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. फरक एकच. लाल गाडीला क्लच होता, गिअर हातानं टाकावे लागत. निळीला क्लचच नव्हता. तिचे गिअर तीच बदलायची. दोन्ही चार दिवस वापरून बघायच्या, एक ठेवायची, एक परत करायची, असं ठरलं होतं.

दिवेकर साहेबांना निवड करणं कधीच जमलं नव्हतं. चहा की कॉफी असं विचारलं तरी ते खिडकीबाहेर बघत बसायचे.

“हनुमंता, चालवायची तुला, तेव्हा तूच सांग,” ते म्हणाले. “पण मला वाटतं, निळी घ्यावी. तुला आराम.”

“आराम कशापायी, साहेब? मी काय आजारी हाय का?”

“तसं नव्हे रे. डाव्या पायाला काम नाही, गिअरच्या हाताला काम नाही. नुसतं बसायचं. उद्या बाईसाहेबसुद्धा चालवतील. मग तू निवांत बागेकडे बघ.”

हनुमंताचे कान लाल झाले. सैन्यात बारा वर्षं त्यानं ट्रक चालवले होते. खंडाळ्याच्या घाटात डोळे मिटून नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे हे तो सांगायचा. आणि त्या माणसाला साहेब म्हणत होते, नुसतं बस.

शनिवारी त्यानं लाल गाडी घाटात नेऊन आणली. क्लच इतका जड होता की दुसऱ्या एखाद्यानं दोन वळणांत हात टेकले असते. हनुमंतानं ती अशी चालवली की साहेबांच्या मांडीवरच्या कपातला चहा हलला नाही. “बघा,” तो म्हणाला. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, “उद्या निळी बघू.”

रविवारी सकाळी निळी निघाली. मळवलीपलीकडच्या भाजे गावात भामाबाईची बहीण राहायची. तिला भेटायला म्हणून भामाबाई मागच्या सीटवर बसली. साहेब पुढे, हनुमंताच्या शेजारी. हनुमंतानं गिअरची दांडी ओढली, गाडी लोण्यासारखी पुढे सरकली आणि बाजाराच्या वळणावर त्याचा डावा पाय सवयीनं क्लच दाबायला गेला.

क्लच नव्हताच. तिथे होतं ब्रेकचं पेडल, चांगलं पाटाएवढं रुंद. बारा वर्षांच्या ताकदीनं तो पाय त्यावर पडला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. साहेब पुढच्या काचेपर्यंत जाऊन आले.

“काय झालं?”

“काय न्हाई, साहेब. गाडीनं फसवलं.”

दुसऱ्यांदा तिनं हमरस्त्यावर फसवलं. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं खिडकीतून डोकं काढून हनुमंताच्या लायसनबद्दल आणि ते देणाऱ्याबद्दल बरंच काही ऐकवलं. आपल्याला गाडी चालवता येत नाही असं हनुमंताला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या रागातच त्यानं वेग घेतला, वेग घेतल्यावर गिअर बदलायचा म्हणून पाय पुन्हा गेला आणि तिसऱ्या दणक्याला साहेबांचा चष्मा उडून खाली पडला. ते तो शोधायला वाकले आणि त्यांच्याच बुटाखाली काच फुटली. चष्म्याशिवाय साहेबांना माणूस आणि खांब सारखेच दिसायचे.

“अवो, त्या पायाला आवरा की,” मागून भामाबाई म्हणाली.

“पाय माझा हाय. मला सांगू नगंस.”

पण आवरायला तर हवा होता. हनुमंतानं गाडी कडेला घेतली, डाव्या पायातली चप्पल काढली आणि जेवायला बसतात तशी त्या पायाची मांडी घातली. पाय स्वतःच्याच वजनाखाली गच्च दाबून ठेवला. “आता कर काय करतोस ते,” तो पुटपुटला. आणि खरंच, तिथून पुढे गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. साहेब खूष झाले. त्यामुळे हनुमंत आणखीच संतापला.

मळवलीला रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडी थांबली. हनुमंतानं इंजिन चालूच ठेवून नियमाप्रमाणे दांडी पुढे लोटून ‘पी’ या अक्षरावर नेली, म्हणजे चाकं जखडली गेली. साहेब म्हणाले, “उतरून विचार बरं, किती वेळ आहे.”

मांडी घालून आता अर्धा तास होत आला होता. हनुमंतानं दार उघडलं, डावा पाय बाहेर टाकला आणि मग त्याला कळलं की तो पाय तिथे नाहीच. कमरेखाली नुसत्या मुंग्या होत्या. तो एक पाऊल गेला, दुसरं वाकडं पडलं आणि फाटकापाशी सायकल धरून उभ्या असलेल्या हवालदारावर तो सायकलीसकट आडवा झाला.

दारूबंदीचे दिवस होते. हवालदारानं टोपी झटकली, मग हनुमंताकडे नीट पाहिलं.

“सकाळी सकाळीच?”

“काय सकाळी सकाळी?”

“तोंड उघड.” हवालदारानं वास घेतला, पुन्हा घेतला, मग नाक पुसलं. “मला पडसं झालंय. वासाचं काही कळत नाही. चालून दाखव. ह्या दगडापासून त्या खांबापर्यंत. सरळ.”

“हवालदारसाहेब, मी छप्पन साली दीक्षा घेतली. पंचशील घेतलेला मानूस हाय मी. तेरा वर्सं झाली, दारूचा थेंब न्हाई, इडी न्हाई. उभ्या मावळात कुनालाबी इचारा.”

“विचारतो. आधी चाल.”

हनुमंत ताठ मानेनं निघाला. चौथ्या पावलाला डावा पाय गुडघ्यात दुमडला आणि तो खांबाऐवजी रस्त्याकडेच्या गवतात जाऊन बसला. फाटकवाला हौशीराम झेंडी काखेत मारून बघत होता. “लयच झालीय जनू,” तो कुणालाही न उद्देशून म्हणाला.

“पाय झोपलाय माझा,” हनुमंत गवतातून ओरडला.

“पाय झोपला? गाडी चालवताना?” हवालदारानं वही काढली. “मग चालवत कशानं होतास?”

“ह्या गाडीत डाव्या पायाचं कामच न्हाई.”

“मग होता कुठं तो पाय?”

हनुमंत खोटं बोलणारा माणूस नव्हता. “बुडाखाली,” तो म्हणाला. “मांडी घातली हुती.”

“गाडी चालवताना मांडी घालून बसला होता,” हवालदारानं एकेक शब्द मोठ्यानं म्हणत लिहिला. त्याच्या मनात आता शंका उरली नव्हती.

साहेब गाडीतून उतरले आणि चाचपडत पुढे आले. “हवालदार, हा माणूस निर्व्यसनी आहे, मी हमी देतो,” असं त्यांनी हौशीरामला सांगितलं.

एवढ्यात आगगाडी धडधडत गेली आणि फाटक उघडलं. मागे एक एसटी, चार बैलगाड्या आणि उसाचा एक ट्रक तुंबला होता. सगळ्यांनी एकदम आरडाओरडा सुरू केला. निळी गाडी बरोबर मधोमध उभी. चार जणांनी ढकलून पाहिली, ती हलेना. हनुमंत सांगत होता की दांडी ‘पी’वर आहे, मी काढतो. हवालदार म्हणत होता, प्यालेल्या माणसाला मी स्टिअरिंगला हात लावू देणार नाही. हवालदाराला सायकलीपलीकडे काही येत नव्हतं आणि साहेबांना तर रस्ताच दिसत नव्हता.

“मी घेऊ का बाजूला?” भामाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती मागच्या सीटवरून उतरून पदर खोचत उभी होती.

“तुला काय येतंय?” हनुमंत म्हणाला.

“मगाधरनं बघतीय की. बारक्यानं जाती, रुंदक्यानं थांबती. ती दांडी वढली की सुटती. अजून काय हाय त्यात?”

अजून काय असतं ते सांगायला हनुमंतानं तोंड उघडलं. क्लच, हाफ क्लच, उतारावर दुसरा गिअर, चढावर पहिला, तेलाचा वास, इंजिनाचा आवाज, बारा वर्षं. पण या गाडीत यातलं काहीच नव्हतं, आणि हे त्याला एसटीतल्या पन्नास माणसांदेखत कबूल करायचं नव्हतं.

एसटीच्या हॉर्नपुढे हवालदाराचा धीर सुटला. “घ्या हो बाई, घ्या. आता फाट्यावरच्या चौकीतच घ्या एकदम. ह्यालाही आणायचाच आहे.”

सायकल डिकीत गेली. हवालदार आणि हनुमंत मागे बसले, साहेब पुढे. भामाबाईनं दांडी ओढली, रुंद पेडलावरचा पाय उचलला आणि गाडी आपसूक चालायला लागली. बारक्या पेडलाला तिनं अंगठा तेवढा लावला. बैलगाडीपेक्षा जरा जास्त वेगानं, रस्त्याच्या अगदी डाव्या कडेनं, समोर कोंबडी आली तरी थांबत ती निघाली. ब्रेकचा एकसुद्धा दणका बसला नाही.

“किती अलगद,” साहेब डोळे बारीक करून म्हणाले. “हनुमंता, आता सुधारला बरं का तुझा हात.”

“मी मागं हाय, साहेब,” हनुमंत म्हणाला.

चौकीपर्यंत पोचेतो मुंग्या उतरल्या होत्या. हनुमंत खाली उतरला, टाच आपटून उभा राहिला आणि चौकीच्या अंगणात सैन्यातल्यासारखा सरळ रेषेत गेला, वळला, परत आला. तीनदा. फौजदारांनी चहा पीत पीत ते पाहिलं, मग जवळ येऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला. त्यांना पडसं झालेलं नव्हतं.

“ह्याला कशाला आणलात?” त्यांनी हवालदाराला विचारलं.

हवालदारानं वही मागे लपवली.

“म्या तेरा वर्सं शील पाळलं,” हनुमंत म्हणाला, “आन ह्यांनी मला चारचौघांत प्यालेला म्हटलं. मला लिहून पायजे, मी प्यालेला नव्हतो म्हून. सहीनिशी.”

फौजदारांनी कप खाली ठेवला आणि खरोखरच लिहून दिलं. कागद हनुमंताच्या हाती देताना त्यांना काहीतरी सुचलं. “पण हा आरोपी, साहेबांना दिसत नाही आणि हवालदार, तुम्हाला येत नाही. मग गाडी आणली कुणी? बाईंकडे लायसन आहे का?”

हवालदारानं भामाबाईकडे पाहिलं, आपल्या नोकरीचा विचार केला आणि टाचा जुळवल्या.

“गाडी आपोआपची आहे, साहेब,” तो म्हणाला. “आपोआप आली.”

संध्याकाळी साहेब व्हरांड्यात बसले होते. जुना चष्मा सापडला होता. समोर लाल आणि निळी शेजारी शेजारी उभ्या होत्या. साहेबांना अजूनही ठरवता येत नव्हतं, पण मन निळीकडे जास्तच झुकलं होतं. भामाबाई इतकी अलगद चालवते तर बाजारहाटही तीच करील, लायसन काढून देऊ, असं त्यांनी बोलूनही दाखवलं.

“भामाबाई, तुम्ही दोन्ही पाहिल्यात. तुम्हीच सांगा.”

“लाल,” भामाबाई म्हणाली.

“अहो, पण निळी तर तुम्हाला छान जमली.”

“लालच बरी, साहेब. क्लचवाली. गाडी कशी, मानसाच्या हातात असावी. ह्यांच्यासारखा ड्रायव्हर असताना त्या निळीचं काय काम?”

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कुणीतरी ठरवलं होतं. सकाळी निळी परत पाठवायची असं पक्कं झालं.

मागच्या खोलीत हनुमंत खाटेवर बसला तेव्हा त्याचा दिवसभराचा राग पार उतरला होता. फौजदारांचा कागद त्यानं बाबासाहेबांच्या फोटोजवळ ठेवला. बायको आपली कदर करते हे इतक्या वर्षांत त्याला माहीत नव्हतं.

“बरं सांगितलंस,” तो म्हणाला. “साहेबाला कळाया पायजे हुतं. ड्रायव्हरकी म्हंजी कला असती.”

“कला कसली घेऊन बसलात,” भामाबाई म्हणाली. ती चुलीपाशी होती. “पानी आपोआप येतंय, भाकर आपोआप हुती, भांडी आपोआप निघत्यात, कापडं आपोआप वाळून घडी हुत्यात. ह्या घरात जेवढं म्हून आपोआप हुतं, तेवढं समदं मीच करती. त्यात आता गाडीबी आपोआप झाली असती. तेवढी एक तरी तुमी चालवा.”

हनुमंतानं संतापून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मग त्याचं लक्ष हातातल्या कपाकडे गेलं. चहा गरम होता, निम्मा पिऊनही झाला होता, आणि तो हातात कधी आला हे त्याला काही केल्या आठवेना.