बगळेसरांचं व्याख्यान आणि बिळावरचा धोंडा

एका जंगलात, बाळांनो, दगड पुष्कळ होते आणि विद्वान त्याहूनही पुष्कळ. नीट बसा, चुळबुळ नको.

तिथे बाळकू नावाचं खवल्या मांजर राहायचं. एके सकाळी दरड कोसळली आणि त्याच्या बिळाच्या तोंडावर भलामोठा धोंडा येऊन बसला. आत त्याची बायको गिरजा अडकली. फटीतून तिचा आवाज यायचा, एवढाच काय तो बिचाऱ्याला आधार.

धोंड्याखाली बांबू सारायचा, मध्ये दगडाचा टेकू द्यायचा आणि दुसऱ्या टोकाला लोंबकळायचं, हे बाळकूला ठाऊक होतं. पण एकट्याचं वजन पुरेना. मदतीला कुणी येईना, कारण असल्या कामाला फिजिक्सच्या बगळेसरांची परवानगी लागे.

सरांनी आधी त्याची परीक्षा घेतली. फिजिक्स हा शब्द आला कुठून?

बाळकू म्हणाला, "ते नाही ठाऊक, सर. धोंडा कसा हलतो तेवढं ठाऊक आहे."

सरांनी भोपळा दिला. मग साऱ्या जंगलाला बिळासमोर बसवून व्याख्यान सुरू केलं. पहिल्या दिवशी सांगितलं, मूळ शब्द ग्रीक, 'फ्युसिस', म्हणजे निसर्ग. दुसऱ्या दिवशी तो शब्द लॅटिनमधून इंग्रजीत कसा गेला ते आलं. तिसऱ्या दिवशी सिद्ध झालं की धोंडा निसर्गाने आणलाय, तेव्हा घाई कशाला? शहाणे माना डोलवत होते. मेल्यांपैकी एकाचा हात बांबूला लागेल तर शपथ!

दुपारी सगळे जेवायला पांगले. तेवढ्यात एक रानरेडा पाण्यावर निघाला होता. त्याने व्याख्यान ऐकलं नव्हतं, म्हणून तो थांबला. बाळकूने विनवलं, रेड्याने बांबूवर अंग टाकलं आणि धोंडा गडगडत खाली गेला. गिरजा बाहेर आली. तिच्या घशाला कोरड पडली होती. बाळकू तिला धरून ढसाढसा रडला.

संध्याकाळी सत्कार झाला. बगळेसरांचा! शाल, श्रीफळ, हार. निसर्गाने आणलेला धोंडा निसर्गानेच नेला, असं सर म्हणाले.

गिरजा उठली. "सर, तीन दिवस तुमचं सगळं आत ऐकू येत होतं. एवढे जण दाराशी होतात, एकाने तरी ढकलायचं होतं."

बगळेसर म्हणाले, "प्रश्नोत्तरं शेवटी."

तात्पर्य: शब्दाचं मूळ तोंडपाठ असावं. धोंडा हलवणाऱ्याला फार तर बायको परत मिळते, शाल मिळत नाही.