दिल्या घरची किडनी

माझी आत्या कुणाच्याही घरी गेली की आधी मिठाचा डबा लपवते. तिच्या करडी गावच्या तळ्यातली मासळी घेऊन ती मोहाडीच्या बाजारात बसते. तिथंही मासे तोलता तोलता गिऱ्हाइकाला विचारते, "बीपी मोजला का? मंग मीठ बेतानं टाकजो." भाताच्या रोवणीच्या दिवसांत कंबर धरून येणाऱ्या बायकांच्या पदरात दुखण्याच्या गोळ्या बांधलेल्या असतात. त्या ती सरळ सोडून घेते. "कमर आज दुखते, उद्या थांबते. किडनी गेली का मंग काय रोवशीन?"

हा अधिकार तिने कमावला आहे. बाबांनी बीपीच्या गोळीकडे वर्षानुवर्षं काणाडोळा केला आणि चार वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हा आत्याने त्यांना स्वतःची एक दिली. तिच्या मते तिने लेक दिली आहे, आणि मोहाडीचं आमचं घर म्हणजे त्या लेकीचं सासर. रोज संध्याकाळी सहाला तिचा फोन येतो.

"माही कशी हाय?"

'माही' म्हणजे तिने दिलेली किडनी. मी फोन बाबांकडे देते. मग चौकशी सुरू होते. पाणी किती पेला, गोळ्या घेतल्या का. "तिले तहानलेली नोको ठेवू रे भाऊ." बाबा शहाण्या मुलासारखी उत्तरं देतात. माझ्याशी ते दिवसभरात इतकं बोलत नाहीत. मी त्यांची एकुलती एक मुलगी, पण घरात आता त्या किडनीची नणंद होऊन राहिले आहे.

खरं सांगायचं तर मला आत्याचा हेवा वाटतो. रक्तगट माझाही जुळला होता. डॉक्टरांना काय सांगायचं ते मी इंग्रजीत मनाशी पाठही केलं होतं. तेवढ्यात आत्या आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "पोरीची नोका घेऊ. माही घ्या." माझं भाषण मनातच राहिलं. बाबांनी मान डोलावली, तिच्याकडे बघून. आता बाजारात ती पोटावरचा व्रण कौतुकाने दाखवते. माझ्याकडे दाखवायला काही नाही.

यंदा बाबांनी मला तिच्या दरवर्षीच्या तपासणीला सोबत पाठवलं. आतोबा गेल्यापासून ती एकटी राहते, मूलबाळ नाही. नागपूरच्या दवाखान्यात नर्स म्हणाली, "मावशी, या वेळी सोबत कोणी आलं वाटतं!" चार वर्षं ती एकटीच येत होती, हे मला तिथं कळलं.

उरलेली किडनी उत्तम आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"मंग ते या पोरीच्या नावानं लिहून ठेवा," आत्या म्हणाली.

"मावशी, ती तुम्हाला लागेल."

"आत्ता कोन म्हनते? मी मेल्यावर. बापाचा आजार पोरीले येते म्हनते. म्हनून तं तवा तिची घेऊ देल्ली नाई. दोन्ही राहू द्या म्हनलं तिच्याजवळ."

"असं नाव आधी लिहून ठेवता येत नाही, मावशी."

"मंग पेन्सिलीनं लिहा."

परतीच्या बसमध्ये तिची फाइल मी माझ्या मांडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सहाला फोन वाजला.

"माही कशी हाय?"

"बरी आहे," मी म्हणाले. फोन बाबांकडे दिला नाही. "आणि तिकडची?"



"तिले कोनी इचारत नाई बापा," आत्या म्हणाली. "बरी हाय. एकटी हाय, पन बरी हाय."