कान असलेली मगर

विश्वामित्री नदीतल्या मगरी बडोदेकरांना नीट ओळखता याव्यात, म्हणून प्राणी-ओळख कार्यालयाने फतेगंजच्या चौकात मगरीचे शिल्प बसवले. त्यासाठी समितीच्या तीन बैठका झाल्या. पहिलीत मुले घाबरतील म्हणून मगरीचे दात गेले, दुसरीत चेहऱ्यावर हसू आले. तिसरीत अध्यक्षांना वाटले की ही कुणाचे ऐकणारी दिसत नाही. मग तिला कान बसवले. निवृत्त चित्रकला शिक्षक दीनानाथराव समितीत तज्ज्ञ होते. मगरीला असे कान नसतात हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण समोर शाल-श्रीफळ होते आणि बशीत लीलो चेवडो. त्यांनी सही केली.

श्रावणात नदीला पूर आला. तो ओसरला तेव्हा दीनानाथरावांच्या न्हाणीघरात साडेसहा फुटांची मगर राहून गेली होती. अहल्याबाईंनी बाहेरून कडी घातली. चार दिवस घरात कुणाची अंघोळ नाही म्हटल्यावर त्यांनी नवऱ्याला कार्यालयात पिटाळले.

तिथले कारकून संपतराव यांनी त्यांनी नेलेला मगरीचा फोटो चौकातल्या शिल्पाच्या मंजूर नमुन्याशी ताडून पाहिला.

"काका, ह्याला कान क्यां छे?"

"मगरीला कान नसतात हो."

"नमुन्याला आहेत. खाली तज्ज्ञ म्हणून सही तुमचीच आहे." संपतराव इतक्या अदबीने बोलत होते की दीनानाथरावांना रडू यायचेच बाकी राहिले. "शिवाय ह्याला दात आहेत. आमची गाडी फक्त मगरीसाठी निघते. ही पाल झाली, आणि पाल घरमालकाने हाकलायची. मगरच आहे म्हणत असाल तर सोसायटीतल्या पंचांचा पंचनामा आणा."

पाच शेजारी जमले. मृदुलाबेननी खिडकीतून चप्पल टाकून पाहिली. ती एका घासात गेली. पाचही जण दोन पावले मागे सरले आणि एकमुखाने म्हणाले, मगरच.

दीनानाथरावांनी घाईघाईने पेन पुढे केले. तेव्हा मृदुलाबेन म्हणाल्या, "पण भाई, कागदावर मगर आली तर आपल्या सोसायटीत घर कोण घेणार?"

सगळे विचारात पडले. मग पंचनाम्यात 'पाल, मोठी' असे लिहून पाचही सह्या झाल्या, आणि मंडळी आपापल्या घरी अंघोळीला गेली.

अहल्याबाईंनी कागद शांतपणे वाचला आणि नवऱ्याच्या हातात टॉवेल दिला.

"पालच आहे ना? मग जा."

दीनानाथराव कडीला हात लावून अजून उभे आहेत. पंचनाम्यावर आणखी एका सहीला जागा आहे. वाचकहो, आपली चालेल. न्हाणीघर आपले थोडेच आहे?